दृष्टीला मुदत असते

कोकणात एखादं मूल डोळ्यांत दोष घेऊन जन्माला आलं की घरात सगळ्यांत आधी कारण शोधलं जातं. आईने ग्रहणात भाजी चिरली असेल, कुळाचारात काही कसूर झाली असेल, मागच्या जन्मीचं देणं असेल. मग ग्रामदेवतेपुढे गाऱ्हाणं घातलं जातं, कौल लावला जातो, बाळाच्या कपाळाला अंगारा लागतो. शेजारपाजारची वडीलधारी माणसं धीर देतात, "पोर लहान आहे अजून. जरा मोठं होऊ दे, मग बघू." हे शेवटचं वाक्य मायेने बोललं जातं, त्यात कुणाचाही वाईट हेतू नसतो. तरीही या साऱ्या प्रकारात मुलाचं सर्वांत जास्त नुकसान करतं ते हेच वाक्य, असं मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

मुलाच्या दृष्टीला मुदत असते. काही दोषांत ती आठवड्यांची असते, काहींत काही वर्षांची. ती उलटून गेल्यावर डोळा दुरुस्त झाला तरी दिसणं पुरतं परत येत नाही. आपल्या आजी-आजोबांना हे ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना दोष देता येणार नाही. आपल्या पिढीला मात्र ही सबब उरलेली नाही. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या शास्त्रज्ञांनी गेल्या साठ वर्षांत ही मुदत पुराव्यानिशी दाखवून दिली आहे. जे कळलं आहे ते घराघरांत पोचवायचं नाही आणि मग मुलाच्या अंधत्वाला नशीब म्हणायचं, हा अन्याय आहे.

ही मुदत येते कुठून, ते आधी समजून घेतलं पाहिजे. समजल्याशिवाय पटत नाही आणि पटल्याशिवाय माणूस पाऊल उचलत नाही.

डोळा हे बाहेरचं इंद्रिय आणि मेंदू आत कवटीत, अशी आपली समजूत असते. गर्भात घडतं ते निराळंच. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना त्याच्या पुढच्या मेंदूला दोन्ही बाजूंनी फुगवटे येऊ लागतात. ते बाहेरच्या दिशेने वाढतात, आत दुमडून पेल्याचा आकार घेतात, आणि त्या पेल्याच्या आतल्या थरातून डोळ्याचा पडदा, म्हणजे रेटिना, घडतो. पडदा हा मेंदूचाच बाहेर आलेला भाग आहे. प्रकाश टिपणाऱ्या पेशी त्यात दोन जातींच्या असतात. मंद उजेडात काम करणाऱ्या सुमारे १२ कोटी आणि रंग व बारकावे ओळखणाऱ्या ६० लाखांच्या आसपास. एवढ्या पेशींनी टिपलेलं सारं मेंदूकडे नेणारे तंतू मात्र जेमतेम १० ते १२ लाख. म्हणजे पडदा नुसता टिपत बसत नाही. कडा कुठे आहे, हालचाल कुठे झाली, उजेड कुठे बदलला हे तो निवडून घेतो आणि तेवढंच पुढे धाडतो. स्पेनचे सांतियागो रामोन इ काहाल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सूक्ष्मदर्शकाखाली पडद्याचे हे थर पेशी-पेशी न्याहाळून कागदावर उतरवले. त्यांना १९०६ साली नोबेल मिळालं. त्यांची ती चित्रं आजही अभ्यासली जातात.

या घडणीचा एक महत्त्वाचा उलगडा आपल्या मुंबईत झाला आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या डॉ. शुभा टोळे या गर्भातला मेंदू कसा घडतो याचा अभ्यास करतात. या कामासाठी त्यांना २०१० साली शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार आणि २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. एलएचएक्स-२ नावाचा एक जनुक त्यांच्या संशोधनाच्या केंद्रस्थानी आहे. मेंदूचं बाहेरचं आवरण घडवणाऱ्या पेशींना त्यांची ओळख हा जनुक देतो, हे त्यांच्या गटाने २००८ साली दाखवलं. पुढे २०१३ साली अमेरिकेतल्या सहकाऱ्यांबरोबर त्यांनी उंदराच्या गर्भात याच जनुकाचं डोळ्यातलं काम तपासलं. वेगवेगळ्या टप्प्यांवर तो बंद करून पाहिला. फार लवकर बंद केला तर डोळ्याचा फुगवटा जागाच चुकला. थोडा नंतर बंद केला तर जागा बरोबर, पण पेल्याचा आकार अर्ध्यावर थांबला. त्याहून उशिरा बंद केला तर पडदा वेडावाकडा झाला आणि त्यातल्या काही पेशींमध्ये मेंदूच्या भलत्याच भागांच्या खुणा दिसू लागल्या. जनुक जितका जास्त काळ काम करत राहिला, तितकी डोळ्याची घडण पुढे गेली.

आपल्या विषयाच्या दृष्टीने या निष्कर्षात मोठा अर्थ भरलेला आहे. डोळा एका क्षणी, एका आज्ञेने तयार होत नाही. तो टप्प्याटप्प्याने घडतो, प्रत्येक टप्प्याला त्याची वेळ असते, आणि त्या वेळी जे व्हायला हवं ते न झाल्यास पुढचं अडतं. यात ग्रहण कुठेही येत नाही. आईने चिरलेली भाजी कुठेही येत नाही. जिच्या पोटात हे सारं घडलं त्या बाईला नऊ महिन्यांनंतर अपराधी ठरवणारे लोक तिच्यावर खोटा आळ घेत असतात.

पडदा घडला तरी काम संपत नाही. त्याचे लाखो तंतू मेंदूत नेमक्या ठिकाणी पोचायला हवेत. उजव्या डोळ्याचे वेगळे, डाव्याचे वेगळे, आणि पडद्यावर जे शेजारी ते मेंदूतही शेजारी. ही जुळणी उजेड दिसण्याआधीच सुरू होते. १९८८ साली इटलीच्या लुसिया गाल्ली आणि लांबेर्तो माफेई यांना आढळलं की उंदराच्या गर्भातल्या पडद्याच्या पेशी काहीही दिसत नसताना आपण होऊन विद्युत संदेश सोडतात. तीन वर्षांनी अमेरिकेत मार्कुस माइस्टर, रेचेल वाँग, डेनिस बेलर आणि कार्ला शॅट्झ यांनी दाखवलं की हे संदेश विस्कळीत नसतात, ते पडद्यावरून लाटांसारखे सरकत जातात. या लाटांच्या आधारे मेंदू कोणता तंतू कुठे जोडायचा ते ठरवतो. जन्मानंतर डोळे उघडले की पुढची जुळणी खऱ्या दृश्यांवर होते. आईचा चेहरा, दाराची चौकट, हलणारं झाडाचं पान यांच्या दिसण्यातून मेंदू पाहायला शिकतो.

आणि हे शिकणं ठरावीक काळातच होतं, हे हार्वर्डच्या डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझल यांनी सिद्ध केलं. १९६३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत त्यांनी मांजराच्या नवजात पिल्लांची एक पापणी शिवून दोन-तीन महिने बंद ठेवली. नंतर ती उघडली तेव्हा डोळा निरोगी होता, पण मेंदूतल्या दृष्टीच्या भागातल्या बहुतेक पेशी त्या डोळ्याला ओळखेनाशा झाल्या होत्या. ते पिल्लू त्या डोळ्याने जवळजवळ आंधळं राहिलं. मोठ्या मांजराचा डोळा तितकाच काळ बंद ठेवला, तेव्हा काहीही बिघडलं नाही. या कामासाठी दोघांना १९८१ साली नोबेल मिळालं. त्या मुक्या पिल्लांच्या दृष्टीच्या मोलाने हे ज्ञान माणसाच्या हाती आलं आहे. त्याचा उपयोग माणसाच्या लेकरांसाठी करणं हे आपलं कर्तव्य ठरतं.

रत्नागिरीच्या शेतकऱ्याला हे वेगळं समजावून सांगण्याची गरज नाही. भाताचा तरवा वेळेवर उपटून लावला नाही, तो रोपवाटिकेतच जून झाला, तर नंतर कितीही चिखलणी करा, खत घाला, फुटवे यायचे ते येत नाहीत. भाताच्या बाबतीत जो माणूस एक दिवस वाया जाऊ देत नाही, त्याने मुलाच्या डोळ्यांच्या बाबतीत "मोठं होऊ दे" म्हणावं, हे पटण्यासारखं नाही.

आता प्रत्यक्ष मुदतींकडे येऊ. बाळ जन्मतः मोतीबिंदू घेऊन आलं आणि एकाच डोळ्यात दाट मोतीबिंदू असला, तर शस्त्रक्रिया साधारण सहा आठवड्यांच्या आत व्हावी असं नेत्रतज्ज्ञ सांगतात. दोन्ही डोळ्यांत असला तर दोन महिन्यांच्या आसपास. म्हातारपणी मोतीबिंदू "पिकू दे" म्हणत थांबण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे. बाळाच्या मोतीबिंदूला ती सवय लावली की मेंदूचा शिकण्याचा काळ हातचा निघून जातो. मूल तिरळं पाहत असेल, किंवा एका डोळ्याचा नंबर दुसऱ्याहून फार वेगळा असेल, तर मेंदू कमकुवत डोळ्याचं ऐकणं सोडून देतो. त्यालाच आळशी डोळा म्हणतात. साधा चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर रोज काही तास लावलेली पट्टी, एवढ्यावर तो सुधारू शकतो. मात्र हे उपचार साधारण सात वर्षांच्या आत सुरू झाले तर गुण चांगला येतो. नंतर तो कमी होत जातो. तिरळेपणाला भाग्याचं लक्षण मानणारी घरं आपल्याकडे आहेत. तीन-चार महिन्यांनंतरही बाळाची नजर तिरपी राहत असेल, तर ते भाग्य मानून बसू नका, डॉक्टरांना दाखवा. बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, विशेषतः मांजराच्या डोळ्यासारखी, तर एक दिवसही थांबू नका. तो मोतीबिंदू असू शकतो, आणि घडत्या पडद्याच्या पेशींतला कर्करोगही असू शकतो. तिथे उशीर केल्यास प्रश्न नजरेपुरता राहत नाही, मूलच हातचं जातं.

सर्वांत कमी मुदत अपुऱ्या दिवसांच्या बाळाला असते, आणि कोकणातल्या चालीरीतींशी सर्वांत थेट गाठ तिथेच पडते. पडद्यातल्या रक्तवाहिन्या गर्भाच्या चौथ्या महिन्यापासून वाढू लागतात आणि पूर्ण दिवस भरेपर्यंत कडेपर्यंत पोचतात. बाळ आठव्या किंवा सातव्या महिन्यातच जन्मलं तर ही वाढ अर्धवट राहते. मग बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागतं, प्राणवायू द्यावा लागतो. तो जीव वाचवतो, पण जास्त झाला तर पडद्याला इजा करू शकतो. हे १९५० च्या दशकात जगाने फार मोठी किंमत मोजून ओळखलं. अशा बाळांत काही आठवड्यांनी पडद्यावर नको त्या नाजूक रक्तवाहिन्या वाढू लागतात. त्या पडद्याला ओढतात, आणि पडदा सुटला की अंधत्व कायमचं. बाहेरून बाळाचा डोळा अगदी चांगला दिसतो. आईला कळत नाही, आजीला कळत नाही, साध्या डॉक्टरलाही नुसतं पाहून कळत नाही. बाहुली मोठी करून पडदा तपासावा लागतो. वेळेवर सापडलं तर लेझरने किंवा इंजेक्शनने बहुतेक बाळांची नजर वाचवता येते. म्हणून भारतात नियम असा आहे की ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा २ किलोहून कमी वजनाच्या बाळाचा पडदा जन्मापासून ३० दिवसांच्या आत तपासायचा. फारच लहान बाळाचा त्याहून आधी, दोन-तीन आठवड्यांतच.

३० दिवस. आणि आपल्याकडे बाळंतिणीने बाहेर पडायचं नाही ते सव्वा महिना.

हा हिशेब प्रत्येक घराने एकदा मांडावा. पेटीतून सुटून घरी आलेलं बाळ, अशक्त आई, खोलीत शेकशेगडी, दाराला पडदा, बाहेरची दृष्ट नको, वारा नको. सव्वा महिना झाला की बाळाला देवाच्या पायांवर घालायचं आणि मग बाहेरच्या जगात न्यायचं. ही रीत ज्या काळात निघाली, त्या काळात बाळंतिणीला विश्रांती मिळावी आणि बाळाला संसर्ग होऊ नये, एवढा तिचा हेतू असेल. तो चांगलाच होता. पण त्याच सव्वा महिन्यात पडद्याची मुदत संपते. शिवाय कोकणातल्या घरांची रचना अशी की बाळंतपण एका गावी, घर दुसऱ्या गावी आणि बाप तिसऱ्याच ठिकाणी. लेक मुंबईहून बाळंतपणाला माहेरी येते. दिवस भरण्याआधी कळा आल्या तर तिला कोल्हापूरला नाहीतर मुंबईला हलवावं लागतं. तिथून बाळ लांज्याच्या किंवा मंडणगडच्या एखाद्या वाडीत येतं. रुग्णालयातून सोडताना मिळालेला कागद पिशवीत राहतो. "डोळ्यांसाठी पुन्हा या" हे त्यात लिहिलेलं असलं तरी ते कुणी वाचायचं, कुणी घेऊन जायचं, हे ठरलेलं नसतं. बाप चाकरमानी, सुट्टी नाही. सासू म्हणते, सव्वा महिना होईपर्यंत नेऊ नका. आई म्हणते, सासरच्यांना विचारल्याशिवाय कसं न्यायचं. सगळे भले आहेत, सगळ्यांना बाळ हवं आहे, आणि तरीही बाळ अंधारात ढकललं जातं.

या ठिकाणी धर्म आडवा येतो असं मी मानत नाही. आडवी येते ती आपली भीड. सव्वा महिन्याच्या आत बाळाला दवाखान्यात नेलं म्हणून कोणताही देव कोपत नाही. नवस बोलायचा तर जरूर बोला, ओटी भरायची तर भरा. फक्त आधी तपासणी करून या. देवाने दिलेल्या डोळ्यांची राखण करणं ही देवाचीच सेवा आहे, असं म्हणणारे कीर्तनकार आणि गुरव प्रत्येक गावात पुढे आले, तर हे काम निम्मं होईल. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे त्यांनी तो शब्द इथे खर्च करावा.

बाळाच्या डोळ्यात काजळ घालणं, मध घालणं, अंगावरचं दूध घालणं या गोष्टी मात्र थांबवल्याच पाहिजेत. काजळाने डोळे मोठे होत नाहीत, आणि बाहेरच्या काजळात शिसं असू शकतं. दृष्ट लागू नये म्हणून तीट लावायची असेल तर ती गालाला लावा, डोळ्याला नको.

पैसा नाही, वाट लांब आहे, हे आक्षेप खरे आहेत आणि त्यांचं उत्तर शासनाकडे आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात २०१३ साली आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला झाली. जन्मतः मोतीबिंदू, अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या पडद्याचा विकार आणि दृष्टिदोष हे तिन्ही त्या कार्यक्रमात आहेत, आणि उपचार मोफत आहेत. या कार्यक्रमाची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. आशाताईंनी बाळ ४२ दिवसांचं होईपर्यंत ठरावीक दिवशी घरी येऊन पाहायचं असतं. म्हणजे वाडीतल्या प्रत्येक बाळाच्या दारापर्यंत सरकारचं माणूस त्या मुदतीच्या आत पोचतं. आता त्या माणसाच्या तोंडी एक प्रश्न पक्का बसवायला हवा, "बाळाच्या पडद्याची तपासणी झाली का?" प्रत्येक रुग्णालयाने अपुऱ्या दिवसांचं बाळ घरी सोडताना कागदावर तपासणीची तारीख मोठ्या अक्षरांत लिहावी आणि ती त्या गावच्या आशाताईंना कळवावी. रत्नागिरीत आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. जिल्ह्यात पडदा तपासण्याचा ठरलेला वार हवा, म्हणजे मंडणगडच्या आईला मुंबई गाठावी लागणार नाही. ही मागणी ग्रामसभेत व्हायला हवी. रस्त्याच्या डांबरासाठी आपण ज्या हक्काने भांडतो, त्याच हक्काने हीही मागावी.

मुलींच्या बाबतीत आणखी एक अन्याय होतो आणि तो घरातच होतो. शाळेच्या तपासणीत मुलीला नंबर निघाला की चष्मा घ्यायला घर कचरतं. "चष्मेवाली मुलगी खपणार कशी" हा शब्दप्रयोग आजही कानांवर येतो. लग्नाच्या बाजाराला भिऊन मुलीच्या मेंदूला धूसर जग शिकवलं जातं. आळशी डोळ्याची पट्टी मुलग्याला लागते तशीच मुलीलाही लागते. लग्नासाठी नजर बळी देणारं घर मुलीवर दोनदा अन्याय करतं. एकदा तिचा डोळा घेऊन, आणि पुन्हा तिची किंमत चष्म्यावर ठरवून.

लग्नाचा विषय निघालाच आहे तर तेही स्पष्ट बोलू. आतेभाऊ-मामेबहीण अशी लग्नं आपल्या समाजात आहेत. पडद्याचे काही आनुवंशिक विकार असे असतात की सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आला तरच मुलात उतरतो. एकाच घराण्याचं रक्त दोन्हीकडे असलं की ही शक्यता वाढते. ज्या घरात रातांधळेपणा पिढ्यान्पिढ्या चालत आला आहे, त्या घराने नात्यातलं लग्न जुळवण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. तसंच गोवर-रुबेलाच्या लसीचं. गर्भारपणात आईला रुबेला झाला तर मूल मोतीबिंदू घेऊन जन्मू शकतं, हे ऑस्ट्रेलियातल्या नॉर्मन ग्रेग या नेत्रतज्ज्ञाने १९४१ सालीच ओळखलं. महाराष्ट्रात २०१८ च्या नोव्हेंबरात या लसीची मोहीम सुरू झाली, तेव्हा तिच्याविषयी अफवा पसरल्या. ती लस घेतलेली मुलगी उद्या आई होईल, आणि तिच्या बाळाचे डोळे त्या लसीने राखलेले असतील.

ज्यांची मुदत हुकली त्यांचं काय, हा प्रश्न कुणाच्याही मनात येईल. त्यांना वाऱ्यावर सोडायचं, असं विज्ञान सांगत नाही. अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक पवन सिन्हा यांनी भारतात प्रकल्प प्रकाश सुरू केला. जन्मापासून मोतीबिंदूने अंध असलेल्या, आठ ते सतरा वर्षांच्या मुलांवर त्यात शस्त्रक्रिया झाल्या. डोळे उघडल्याबरोबर हाताने ओळखलेली वस्तू नजरेने ओळखणं त्यांना जमलं नाही. काही दिवसांतच जमू लागलं. त्यांची नजर पूर्ण झाली नाही, पण उपयोगी पडण्याइतकी आली. म्हणून उशीर झाला तरी दवाखान्याची पायरी चढा. "आता काय उपयोग" हेही नशिबालाच शरण जाणं आहे.

आणि ज्यांची नजर कधीच येणार नाही, त्यांचाही मेंदू वाट पाहत असतो. १९९६ साली नोरिहिरो सादातो आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लहानपणी अंध झालेली माणसं ब्रेल वाचतात तेव्हा त्यांच्या मेंदूतला दृष्टीचा भाग जागा होतो. नजरेसाठी राखलेली जागा बोटांच्या कामाला येते. तिलाही शिकण्याचं वय असतं. म्हणून अंध मुलाला घरात कोंडून ठेवून, लाडाने भरवून, दहाव्या वर्षी शाळेत पाठवणं हाही उशीरच आहे. मंडणगड तालुक्यात घराडी इथे स्नेहज्योती निवासी अंध विद्यालय आहे. अशा शाळेत मूल लवकर पोचलं तर ते वाचतं, चालतं, गातं, आपल्या पायांवर उभं राहतं. अंध मुलाला दया दाखवून घर त्याचं भलं करत नाही. त्याला वेळेवर शिक्षण दिलं तर करतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ते शिक्षण त्याचा हक्क म्हणून मान्य केलं आहे.

याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या मुरुडमधून धोंडो केशव कर्वे बाहेर पडले. १८९३ साली त्यांनी विधवेशी लग्न केलं, तेव्हा गावाने त्यांच्यावर बहिष्कार घातला. त्या वेळी बालविधवेच्या दुःखालाही नशीबच म्हटलं जाई. मागच्या जन्मीचं पाप, पूर्वसंचित, भोग, हे सगळे शब्द तिच्यासाठी तयार होते. त्या मुलींना शिकवलं, उभं केलं, तेव्हा लोकांना कळलं की त्यांचं दुःख माणसांनी घडवलेलं होतं आणि माणसांनीच ते दूर करायचं होतं. आज मुलाच्या डोळ्यांच्या बाबतीत आपण त्याच ठिकाणी उभे आहोत. वेळेवर तपासलं असतं तर वाचली असती अशी नजर जेव्हा जाते, तेव्हा तिला प्रारब्ध म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. तो आपला उशीर असतो, आणि उशिराचा भार मूल आयुष्यभर वाहतं.

म्हणून वाचकहो, तुमच्या घरात, भावकीत, वाडीत या वर्षी बाळ जन्मलं असेल तर चार गोष्टी विचारा. बाळ दिवस भरून आलं का? वजन किती होतं? डोळ्याची बाहुली काळीभोर आहे ना? तपासणीची तारीख कुठली? बाळ अपुऱ्या दिवसांचं असेल तर सव्वा महिना मोजू नका, तीस दिवस मोजा. नेणारं कुणी नसेल तर तुम्ही न्या. एसटीचं भाडं नसेल तर ते भरा. शेजारच्या बाळाची नजर वाचवायला नातं लागत नाही, आणि त्यासाठी उद्याची वाट पाहू नका.